न उघडलेले चाक

ते प्रकरण आठवले की आजही माझा उजवा पाय नकळत पुढे सरकतो आणि जमिनीवर दाबला जातो. समोर गाडी नसते, ब्रेक नसतो. घरची माणसे याला वयाचा चाळा समजतात. निवृत्त होऊन मला वर्ष झाले. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. परंतु भीती म्हणजे काय हे मला कळले ते एका मोडक्या जीपच्या तपासात. त्या तपासातील कोणाचेही नाव घेणार नाही. त्यातील दोन माणसे आज हयात नाहीत आणि जो सर्वाधिक दोषी होता, तो हे लिहितो आहे.

सत्तरचे दशक संपत आले होते. सत्ताविसाव्या वर्षी फौजदार म्हणून माझी पहिली नेमणूक तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेकडील एका ठाण्यात झाली. हद्द मोठी होती. धानाच्या बांद्या, मध्ये जंगलाचा पट्टा, पुन्हा बांद्या, आणि जागोजागी तलाव व बोड्या, म्हणजे शेतातील लहान तळी. डांबरी रस्ता थोडा, उरलेले सारे पांदणीचे आणि नाल्यांचे रस्ते. या सगळ्यासाठी ठाण्याला चारही चाकांना ओढ असलेली एकच जीप होती. आमचे ठाणेदार निवृत्तीला टेकलेले सौम्य गृहस्थ होते. त्यांनी जीपचा ताबा व तिची दुरुस्ती नोंदवही माझ्याकडे सोपवली होती.

जीप चालवणारा शिपाई चाळिशीचा होता. त्याच्या घरातून पोलिसात आलेला तो पहिलाच. बोलणे कमी, पण बोलला तर नेमके. सकाळी गाडी काढण्यापूर्वी तो प्रत्येक चाकाला हात लावून एक फेरी घालत असे. मी एकदा थट्टेने विचारले, पूजा करतोस काय? तो म्हणाला, "पूजा देवाले लागते साहेब, याले फक्त हात लागते."

त्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही बपेऱ्याकडून परतत होतो. जीप जरा वेगात आली, एका खळग्यातून डावे पुढचे चाक गेले, आणि एकाएकी पुढचा सगळा भाग थरथरू लागला. स्टिअरिंग चालकाच्या हातात डावी-उजवीकडे आपटत होते. पायाखालचा पत्रा गुणगुणत होता. मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. रस्त्याच्या एका अंगाला तलाव होता. चालकाने ब्रेक मारला नाही. फक्त पाय उचलला आणि गाडीला आपसूक सावकाश होऊ दिले. थरथर थांबली. माझी मात्र थांबली नाही. त्याला ती दिसू नये म्हणून मी खिशातून रुमाल काढून उगाच मान पुसली.

"डाव्या चाकात प्ले आला आहे साहेब," तो म्हणाला. प्ले म्हणजे ढिलेपणा. चाक जागच्या जागी जेवढे हलू नये तेवढे हलणे. "बेरिंग असन, नाही तं किंगपिन. चाक उचलून पाह्यल्याशिवाय सांगता येत नाही. भंडाऱ्याले वर्कशॉपात न्या लागन."

मी म्हणालो, पाहू.

पाहू म्हणण्याचे कारण वार्षिक निरीक्षण होते. दहा दिवसांवर जिल्ह्याचे साहेब येणार होते. वार्षिक निरीक्षण म्हणजे काय, हे खात्याबाहेरील वाचकाला सांगायला हवे. ठाण्याच्या भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, बंदुकांना तेल, शिपायांच्या बक्कलांना चकाकी. आणि रजिस्टरे. वर्षभर अर्धवट राहिलेली रजिस्टरे निरीक्षणापूर्वी एका बैठकीत भरून काढायची, मागच्या तारखा घालून, दोन-तीन शाया बदलून. यात कोणालाही गैर वाटत नसे. मलाही वाटले नाही. ज्या ठाण्याची जीप निरीक्षणाच्या दिवशी वर्कशॉपमध्ये असेल, त्या ठाण्याला तिखट शेरा मिळतो, हे मला पहिल्याच महिन्यात सांगण्यात आले होते.

सोमवारी जीपला रंग लागला. चाके चंदेरी झाली, आणि चाकाच्या मध्यभागी जिथे हबचे बोल्ट असतात, तो भाग लाल. रंगाऱ्याने हौसेने प्रत्येक बोल्टाच्या माथ्यावरून ब्रश फिरवला. पुढच्या रविवारी दुपारी मी दुरुस्ती नोंदवही घेऊन बसलो. पहिली नोंद खरी होती: सोमवार, वाहनास रंगकाम. तिच्या खाली त्याच आठवड्यातील गुरुवारची तारीख घालून मी लिहिले: 'पुढील दोन्ही चाकांचे हब उघडून बेअरिंग तपासले, ग्रीस भरले, चाल योग्य.' खाली सही केली. चालक दारात उभा होता. त्याने लिहिणे पाहिले. मी वर पाहिले तेव्हा तो अंगणाकडे पाहत होता.

निरीक्षण मंगळवारी उत्तम पार पडले. साहेबांनी ते पान उलटून पाहिले आणि मान डोलावली. बुधवारी चालकाने विचारले, आता नेऊ काय भंडाऱ्याले? मी म्हणालो, आठ दिवस थांब. बेअरिंग योग्य असल्याची नोंद साहेबांनी कालच वाचलेली. आज त्याच बेअरिंगसाठी गाडी पाठवली तर ती नोंद खोटी ठरणार. त्याने ऐकून घेतले.

अपघात शनिवारी झाला.

हद्दीतील एका गावी बोडीच्या पाण्यावरून मारहाण झाली होती. जबान्या घ्यायला मी जायचे ठरले होते. गावचा कोतवाल सकाळीच बोलावणे घेऊन पायी आला होता. जीपमधून परतायला मिळणार म्हणून तो खूश होता. त्याने चालकाला सांगितले की आज गावात शिरताना हॉर्न जोराने वाजव, बायकोला कळले पाहिजे. ऐनवेळी मी ठाण्यातच थांबलो. स्टेशन डायरीत 'कार्यालयीन काम' असे लिहिले आणि चालकाला म्हणालो, तू कोतवालाला सोड आणि दोन्ही पक्षांना इथेच घेऊन ये. कोतवाल पुढे, डाव्या बाजूला, माझ्या जागेवर बसला.

दीड तासाने एक सायकलवाला धापा टाकत आला. मी ट्रॅक्टरवर बसून पोहोचलो तेव्हा जीप बोडीत उलटी पडली होती. चार चाके वर, भोवती गढूळ पाणी. डावे पुढचे चाक मान मोडलेल्या कोंबड्यासारखे एका अंगाला कलले होते. त्यावरील लाल रंग उन्हात चमकत होता. चालक बोडीच्या बांधावर, पाळीवर बसला होता. त्याच्या खांद्याचे हाड मोडले होते. "चाक डोललं साहेब," एवढेच तो म्हणाला, "हातात राह्यलं नाही." कोतवालाला लोकांनी बाहेर काढून मोहाच्या झाडाखाली ठेवले होते. तोंडावर त्याचाच पंचा होता.

त्याची बायको आली. ती रडली नाही. तिने पंचा उचलून पाहिले, पुन्हा ठेवला, आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या बुटांकडे, कपड्यांकडे.

"तुमी संगं येनार होते ना साहेब?" ती म्हणाली. "मंग तुमी कोरडे कसे?"

कोणीतरी तिला बाजूला नेले. ते वाक्य मात्र माझ्यासोबत ट्रॅक्टरवर चढले आणि त्यानंतर कधी उतरले नाही.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा चालकावर नोंदवला गेला. ठाणेदारांनी तपास माझ्याकडे दिला. वाहनाचा ताबा माझ्याकडे असताना तो मी घ्यायला नको होता; पण नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते. चालकाला अटक करून जामिनावर सोडले, निलंबित केले आणि रोज ठाण्यात हजेरी लावायला सांगितले. रोज सकाळी हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत, साध्या कपड्यात तो येई आणि माझ्या खोलीबाहेरील बाकावर बसे. मी दार लोटून घेतले तरी फटीतून त्याचा गुडघा दिसत असे.

अपघाताच्याच संध्याकाळी खबर आली होती. हातभट्ट्यांची खबर देणारा आमचा नेहमीचा माणूस सांगून गेला की अपघातापूर्वी जीप रस्त्याकडेच्या एका घराशी थांबली होती. त्या घरात मोहाची दारू गाळतात. चालक आत गेला आणि हातात भांडे घेऊन बाहेर आला. हे ऐकून ठाणेदारांनी सुस्कारा टाकला. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. रुग्णालयाच्या कागदावर तोंडाला वास नसल्याचे लिहिले होते. तरीही तपासणीला झालेला उशीर पुढे करून ते बाजूला सारता आले असते.

दुसऱ्या दिवशी मी चालकाची चौकशी केली. मी पुढे अनेकांच्या चौकशा केल्या. समोरचा माणूस घाबरलेला असतो आणि प्रश्न विचारणारा निश्चिंत, हा तिथला रिवाज. त्या दिवशी उलटे होते. माझ्या बोटांना घाम येऊन कागदावर शाई पसरत होती. कोणत्याही क्षणी तो म्हणेल, मी तुम्हाला सांगितले होते. शेजारी बसलेला जमादार ते ऐकेल. मी विचारले, त्या घराशी का थांबलास? पाणी मागायला, तो म्हणाला. कोणाच्या घरी? तो गप्प. दारू प्यायलास? नाही. मग घरवाल्याचे नाव का सांगत नाहीस? गप्प. गाडीत बिघाड होता का, हा अपघाताच्या तपासातील ठरलेला प्रश्न आहे, तो विचारावाच लागतो. मी तो कागदाकडे पाहत विचारला.

तो माझ्या पेनाकडे पाहत होता. "होता असन," तो म्हणाला.

यानंतरचा ठरलेला प्रश्न असा असतो: ते कोणाला कळवले होते काय? तो मी विचारला नाही. जमादारानेही माझ्याकडे पाहिले नाही.

मी एका शिपायाला घेऊन सायकलने त्या घरी गेलो. घरात एक प्रौढ बाई एकटीच होती. पोलीस पाहताच तिने दार अडवले. आम्ही गाळत नाही, कधी गाळली नाही, शेजाऱ्यांना विचारा, असे ती एका दमात बोलून गेली. मागील दारी चूल नुकतीच विझवलेली होती. मी सांगितले की दारूसाठी आलेलो नाही. तिचा विश्वास बसला नाही. पण जीपच्या चालकाचा विषय काढताच ती बोलती झाली. बोलली ती त्याच्या काळजीने.

"थो प्याला नाही जी. पानी मागलं, मी गुंडभर देलं. त्यानं चाकावर ओतलं तं चर्रकन वाजलं, वाफ निंगाली. मी म्हटलं, काहून भाऊ, चाकाले ताप आला काय? थो हासला. म्हने, ताप पंधरा दिसापासून आहे बाई, पन साहेब म्हनते दवाखान्यात आठ दिवसानं नेजो."

शिपाई माझ्या मागे उभा होता. त्याने ऐकले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी तिची जबानी लिहून घेतली. पाणी लिहिले, वाफ लिहिली; शेवटचे वाक्य लिहिले नाही. तिने खाली अंगठा उठवला. तिला वाचता येत नव्हते. मी जबानी वाचून दाखवली तेव्हाही ते वाक्य वाचले नाही, आणि तिने वाट पाहिल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

चालकाने तिचे नाव का सांगितले नाही, हे परतताना उमगले. तिच्यावर धाड पडेल म्हणून. मोडका खांदा आणि जाऊ पाहणारी नोकरी घेऊन बाकावर बसलेला माणूस एका अनोळखी बाईला सांभाळत होता. आणि माझ्याबाबतीतही तो तसाच गप्प होता. त्या मौनाचीच मला सर्वांत अधिक भीती वाटू लागली. ते केव्हा संपेल, हे मला माहीत नव्हते.

तोवर जीप बाहेर ओढून ठाण्याच्या आवारात आणली होती. वाहन निरीक्षक येऊन गेले होते. ब्रेक योग्य, स्टिअरिंग योग्य, डाव्या चाकातील ढिलेपणा बहुधा आघातामुळे, असा त्यांचा अहवाल होता. 'बहुधा' या शब्दावर माझी सगळी आशा टांगलेली होती. चालकाने पहिल्याच दिवशी दोन शक्यता सांगितल्या होत्या. किंगपिन म्हणजे चाकाला वळवणारा खिळा. तो झिजला असता, तर माझी नोंद शाबूत राहत होती, कारण मी किंगपिनबद्दल काही लिहिले नव्हते. बेअरिंग निघाले तर मी संपलो. म्हणून मी कारधा येथील एका मिस्त्रीला बोलावले. सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्याने तिथे छोटा कारखाना टाकला होता. तपासात कसूर नको, असे मी ठाणेदारांना सांगितले. खरे म्हणजे मला त्याच्या तोंडून किंगपिन हा शब्द ऐकायचा होता.

मिस्त्री दहाच्या बसने आला. दोन पंच उभे केले होते. चालक बाकावरून पाहत होता. मिस्त्रीने जॅक लावून डावे चाक जमिनीपासून उचलले, एक हात चाकाच्या माथ्यावर आणि दुसरा खाली ठेवून ते आत-बाहेर हलवले. खट. पुन्हा खट. आवाज लहान होता, पेटीची कडी लागावी एवढा.

"हा बेरिंगचा बी असते, किंगपिनचा बी असते," तो म्हणाला. "सांगाले सोपं आहे. कोनी तरी आत बसून ब्रेक दाबा. ब्रेक दाबला का चाक अन् हब एक होते. मंग आवाज बंद झाला तं बेरिंग. नाही झाला तं किंगपिन."

मी आजूबाजूला पाहिले. मिस्त्री म्हणाला, "तुमीच बसा ना साहेब, तुमचीच गाडी आहे."

मी चालकाच्या जागेवर बसलो. आसन अजून ओलसर होते आणि त्याला बोडीच्या चिखलाचा वास येत होता. माझ्या डाव्या हाताला ती जागा होती. तिकडे मी पाहिले नाही.

"सोडून ठेवा," मिस्त्री चाकाशी बसून म्हणाला. खट, खट. "आता दाबा."

मी पाय उचलून ब्रेकवर ठेवला. अर्धाच दाबला. खरे सांगायचे तर मुद्दाम अर्धा दाबला. खट असा बारीक आवाज आला.

"पुरा दाबा जी. घाबरू नोका, गाडी जात नाही कुठं."

पंच हसले. मी पाय पूर्ण दाबला. मिस्त्रीने चाक हलवले. आवाज नाही. त्याने जोर लावला. जीप हलली, पण चाक हलले नाही. सोडा, तो म्हणाला. खट. दाबा. शांतता. त्याने हे चार-पाच वेळा केले असावे. माझ्याविरुद्धचा पुरावा मी माझ्याच पायाने देत होतो.

"बेरिंग," मिस्त्री उभा राहत म्हणाला. मग पाना घेऊन तो हबच्या बोल्टांशी वाकला आणि थांबला. "साहेब, हे पाहा. या बोल्टाले रंग लागल्यावर पाना नाही लागला. लागला असता तं रंग फुटला असता. एका बी बोल्टाचा फुटला नाही."

नोंदवहीतील गुरुवारच्या नोंदीची त्याला माहिती नव्हती. पंचांना नव्हती. त्या आवारात दोघांनाच होती, आणि दुसरा बाकावर बसला होता.

हब उघडला. ग्रीस जळून कोळशासारखे झाले होते, बेअरिंगच्या गोट्या निळसर पडल्या होत्या, त्यांना धरून ठेवणारी कडी तुटली होती. मिस्त्री म्हणाला की गाडी आपटल्याने लोखंड वाकते, तुटते, पण निळे पडत नाही. निळे पडते ते कित्येक दिवस तापल्याने. मी पंचनामा लिहिला: 'बेअरिंग तुटलेल्या स्थितीत आढळले.' निळेपणा लिहिला नाही, रंग लिहिला नाही. पंचांनी सह्या केल्या.

मी ठाणेदारांकडे जाऊन दार लावले आणि सगळे सांगितले. त्यांना बहुधा अगोदरच कल्पना होती. ते रागावले नाहीत, हेच वाईट झाले. त्यांनी चहा मागवला. "तू नवा आहेस," ते म्हणाले. "पुढे मोठी नोकरी आहे. चालकाचं मी पाहतो; वर्षभरात पुन्हा कामावर येईल. ती नोंदवही तशीही जुनी झाली आहे, नवी उघड." एवढे बोलून त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. त्यांचा स्वर इतका मायेचा होता की मी चहा प्यायलो.

आणखी तीन दिवस मी काही केले नाही. अपघाताला नऊ दिवस झाले होते. पोलीस लाइनीत चालकाच्या घरी कोणी जात नव्हते; दारुड्याचे घर म्हणून बायका पाण्याच्या नळावर त्याच्या पत्नीला जागा देत नव्हत्या. कोतवालाची विधवा एकदा ठाण्यावर आली आणि बाकाशी उभी राहून त्याला सगळ्यांसमक्ष वाटेल तसे बोलली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी दाराच्या फटीतून ऐकत होतो. ती गेल्यावर मी बाहेर आलो. आवारात दुसरे कोणी नव्हते. मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. तो उठू लागला, मी त्याला बसवले.

"तू काहीच का सांगितलं नाहीस?" मी विचारले.

त्याने गळ्यात बांधलेला हात सावरला. मग म्हणाला, "कोनाले सांगू साहेब? मी बोलनार, अन् लिवून घेनारे तुमीच."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. त्याने केवळ ठाण्याचे कामकाज कसे चालते ते सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुरुस्ती नोंदवही पिशवीत घालून भंडाऱ्याच्या एसटीत बसलो. मी पुढच्या डाव्या चाकावरील बाकावर बसलो होतो. रस्ता खराब होता. प्रत्येक हादऱ्याला मला वाटे, हे आता सुटणार. शेजारचा शेतकरी धानाच्या भावाबद्दल बोलत होता. मी हो-हो करत होतो. परत फिरण्यासाठी तीन थांब्यांवर उठलो आणि तीनदा पुन्हा बसलो.

उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांसमोर मी नोंदवही उघडून ठेवली आणि त्याच पानावरील सोमवार व गुरुवार या दोन ओळींवर बोट ठेवले. बाईच्या जबानीतून गाळलेले वाक्य सांगितले, पंचनाम्यात न लिहिलेले सांगितले. त्यांनी मध्ये अडवले नाही. सगळे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. तो त्या नऊ दिवसांत कोतवालाच्या बायकोखेरीज कोणीही विचारला नव्हता.

"त्या दिवशी तुम्ही स्वतः जीपमध्ये का नव्हता?"

कार्यालयीन काम, असे स्टेशन डायरीत लिहिले होते. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होते.

"मला त्या गाडीत बसायची भीती वाटली, सर," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवले. ज्या चाकाला मी सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दिले होते, त्या चाकावर बसण्याचे धैर्य मला नव्हते. आणि माझ्या जागेवर ज्याला काहीच ठाऊक नव्हते, अशा माणसाला मी बसू दिले होते. त्या प्रकरणातील अखेरची उकल हीच होती.

तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. बाईची आणि मिस्त्रीची जबानी नव्याने झाली. चालकावरील गुन्हा काढून घेण्यात आला आणि खांदा बरा झाल्यावर तो कामावर आला. माझी खातेनिहाय चौकशी झाली, सेवापुस्तकात ठपका आला, बढती बरीच वर्षे अडली. ती शिक्षा पुरेशी होती काय, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. माझे उत्तर मला माहीत आहे.

कोतवालाच्या घरी मी एकटा गेलो. ती अंगणात सूप घेऊन धान पाखडत होती. मी तिला म्हणालो, मी कोरडा कसा होतो ते सांगायला आलो आहे, आणि सांगितले. ती पाखडत राहिली. शेवटी तिने विचारले, डायवरले हे सांगतलं काय? मी हो म्हणालो.

"मी त्याले नाही नाही थे बोलली," ती म्हणाली. "आता त्याच्यापुढं मीच जाईन. तुमी घरी जा." मी थांबलो, तेव्हा सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "माह्याकडून काही भेटनार नाही, साहेब."

ती पुढे ठाण्यावर आली होती, चालकाला भेटायला. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

लोक विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीने काय शिकवले. पुढे मी अनेकांना कबूल करायला लावले. माणूस प्रश्नांमुळे खरे बोलतो असे मला पूर्वी वाटे. या प्रकरणानंतर वाटत नाही. लिहून घेणाऱ्याच्या हाताची त्याला खात्री हवी असते. ती नसेल तर निर्दोष माणूसही गप्प बसतो, आणि त्याचे ते मौन आम्ही गुन्ह्याच्या बाजूने धरतो. म्हणून पुढे प्रत्येक जबानीत, नको वाटणारा प्रश्न मी आधी विचारला. भरून काढलेले रजिस्टर दिसले की मी ते परत पाठवत असे. हाताखालची माणसे मला कटकट्या म्हणत. शाईला वास नसतो, पण मला अजून तिचा बोडीच्या चिखलासारखा वास येतो.

चौकशी संपेपर्यंत माझी बदली झाली नाही. चालक आणि मी त्याच ठाण्यात आणखी दीड वर्ष एकत्र होतो. जीप दुरुस्त होऊन परत आली, त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी आवारात गेलो. त्याने पुढचे डावे चाक जॅकवर उचलून ठेवले होते आणि कोणाची तरी वाट पाहत उभा होता. मी काही न बोलता आत बसलो. त्याने माथ्यावर एक आणि खाली एक असे हात ठेवले.

त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारी आम्ही हे केले. त्या प्रकरणाबद्दल आम्ही पुन्हा एक शब्दही बोललो नाही. तो खालून म्हणे, "दाबा साहेब." मी पूर्ण दाबत असे. मग तो म्हणे, "सोडा," आणि पाय उचलून मी श्वास रोखून ऐकत राही, खट होते काय.